पाणी नेमकं कितव्या फुटाला धावतंय? बोअरमध्ये सोडलेली काचेची तार सांगते

एप्रिल लागला की बांधावरचं एक भांडण ठरलेलं असतं. "तू बोअर घेतला आणि माझी विहीर बसली." समोरचा म्हणतो, "माझा बोअर अडीचशे फुटांचा, तुझी विहीर पन्नास फुटांची. तुझं पाणी मी कसं ओढीन?" दोघंही तावातावानं बोलतात, दोघांनाही आपलंच खरं वाटतं. पण खरं कुणाचं, हे बघायला जमिनीखाली कुणीच उतरलेलं नसतं. प्रकरण ग्रामपंचायतीत येतं, चहा होतो, समजूत घातली जाते. शेवटी ज्याची विहीर आटली तोही उसनवारी करून गाडी बोलावतो आणि आपलाही बोअर मारतो. मोटर-पाइपसह खर्च लाखाच्या घरात जातो. दोन उन्हाळे निघतात, मग तोही बोअर फुफाटा ओकायला लागतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. जमिनीखालचं पाणी कुठल्या थरातून, कितव्या फुटाला आणि कुठल्या वेगानं वाहतंय? या प्रश्नाचं उत्तर शोधायला जगात काही ठिकाणी जी वस्तू वापरली जाते, ती आपल्या ओळखीचीच आहे. ग्रामपंचायतीत इंटरनेटसाठी जी ऑप्टिकल फायबर केबल आली, तिच्याच कुळातली केसाएवढी बारीक काचेची तार. ती बोअरमध्ये सोडली की पाणी कुठे धावतंय ते कळतं. कसं कळतं, त्याचा उपयोग किती आणि मर्यादा काय, हे समजून घेऊ.

पातळी कळते, वाट कळत नाही

आपल्याकडे भूजलाची मोजणी होत नाही असं नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी राज्यभर आहेत. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा त्यांची पातळी घेतली जाते. 'तालुक्याची पाणीपातळी इतक्या मीटरनं घटली' ही बातमी तुम्ही दरवर्षी वाचता ती त्यावरूनच. आता काही ठिकाणी बोअरमध्ये आपोआप पातळी नोंदवणारी यंत्रंही बसली आहेत.

पण पातळी म्हणजे टाकीवरची काचनळी. टाकीत पाणी किती फुटांवर आहे ते तिच्यावरून कळतं. टाकीला किती पाइप जोडलेत, कुठल्या पाइपातून पाणी येतंय आणि कुठल्यातून निघून चाललंय, ते काचनळी सांगत नाही. बोअरचंही तसंच. पाणी ४० फुटांवर उभं आहे, पण ते आलंय कुठून? ८५ फुटांवरच्या भेगेतून की १४० फुटांवरच्या? मोटर चालू केल्यावर कुठली भेग जास्त पाणी देते? पातळीच्या आकड्यात याचं उत्तर नसतं.

आपला खडक म्हणजे थरांची चळत

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. विहीर खोदणाऱ्या वडारी माणसाला विचारा, तो भूगर्भाचं पुस्तक न वाचताही सांगेल. वर माती, मग मुरूम, मग मऊ, छिद्रं-छिद्रं असलेला मांजऱ्या, त्याखाली सुरुंगालाही न जुमानणारा कडक काळा पाषाण, मध्येच कुठेतरी तांबड्या मातीचा पट्टा, आणि पुन्हा तोच क्रम.

पाणी या सगळ्या चळतीत सारखं भरलेलं नसतं. मुरमात आणि मांजऱ्यात ते साठतं. कडक पाषाणात फक्त भेगांमधून सरकतं. दोन थरांच्या सांध्यातून आडवं पळतं. म्हणून एकाच्या बोअरला २ इंची पाणी लागतं आणि पन्नास फुटांवर शेजाऱ्याचा बोअर कोरडा जातो. पाणाड्यानं नारळ उभा केला म्हणून हे घडत नाही. बोअरच्या वाटेत भेग आली की नाही, एवढाच तो फरक.

शिवाय आपल्या खडकाची साठवणही थोडी. बेसाल्टमध्ये उपसता येण्याजोगं पाणी साधारण १ ते ३ टक्के धरतात. २ टक्के धरून हिशोब करा. पाणीपातळी १ मीटरनं खाली गेली, तर एका हेक्टरखालून फक्त २ लाख लिटर पाणी निघालेलं असतं. म्हणजे २० मिलिमीटर पावसाएवढं. खडकाच्या पोटात इतकं कमी मावतं, म्हणून पातळी भराभर पडते आणि चांगल्या पावसात भराभर चढतेही. अशा ठिकाणी पाणी कुठल्या वाटेनं फिरतं हे कळणं फार मोलाचं असतं.

विहिरीचं पाणी थंडीत कोमट का लागतं?

आता तारेकडे येऊ. पण आधी एक घरचीच गोष्ट. मे महिन्यात विहिरीवर अंघोळ केली की अंग गारठतं आणि डिसेंबरात पहाटे त्याच पाण्याची वाफ निघते. पाणी तेच, विहीर तीच. खरं तर पाण्याचा ताप फारसा बदललेला नसतो. बदलते ती हवा.

जमिनीच्या काही मीटर खाली उन्हाळा-हिवाळा फारसा पोचत नाही. तिथलं तापमान वर्षभर जवळपास एकच असतं, त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीएवढं. त्याहून खोल गेलं की ते हळूहळू वाढतं. दर १०० मीटरला साधारण अडीच-तीन अंश. म्हणजे खडक शांत असेल, पाणी हलत नसेल, तर खाली जाताना ताप एका ठरावीक चढानं वाढत जायला हवा.

जिथे पाणी वाहतं तिथे हा चढ मोडतो. वरून गार पाणी येऊन मिसळलं तर त्या फुटाला ताप जरा कमी दिसतो. खालून चढलं तर जरा जास्त. फरक मोठा नसतो, कधी अर्धा अंश, कधी त्याच्याही दहाव्या भागाइतका. पण तो पकडता आला, तर पाण्याची वाट पकडता येते.

साधा थर्मामीटर सोडूनही हे काही प्रमाणात करता येतं. अडचण अशी की थर्मामीटर एका वेळी एकाच जागेचा ताप सांगतो. तो खालीवर करताना पाणी ढवळतं, आणि दोनशे फूट मोजून होईपर्यंत वरचा आकडा शिळा झालेला असतो. हवा असा थर्मामीटर, जो बोअरभर पसरलेला असेल आणि एकाच वेळी प्रत्येक फुटाचा ताप सांगेल. काचेची तार नेमकं हेच करते.

तार ताप कसा मोजते?

ऑप्टिकल फायबर म्हणजे अतिशय शुद्ध काचेचा धागा. त्याच्या एका टोकातून लेसरचा अगदी छोटा झोत सोडतात. झोत पुढे पळतो, पण काचेच्या कणांवर आपटून त्यातला थोडासा उजेड मागे परततो. विहिरीत हाक मारली की घुमून परत येते ना, तसंच. फरक इतकाच की इथे हाक प्रत्येक इंचावरून परत येते.

परतलेल्या उजेडातला एक बारीकसा हिस्सा रंग बदलून येतो. काचेचे कण तापानं थरथरत असतात, त्या थरथरीमुळे हा रंग बदलतो. उजेडाचा हा गुण डॉ. सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात शोधला. १९३० चं नोबेल त्यासाठीच मिळालं, आणि २८ फेब्रुवारीला शाळेत आपण विज्ञान दिन साजरा करतो तो याच शोधाचा. परत येणाऱ्या उजेडात दोन बदललेले रंग असतात. एक तापानं फारसा हलत नाही, दुसरा ताप वाढला की ठळक होतो. दोघांचं प्रमाण काढलं की त्या जागेचा ताप मिळतो.

जागा कशी कळते? वेळेवरून. काचेत उजेड सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे १०० मीटर जाऊन परत यायला त्याला एका सेकंदाचा दहा लाखावा भाग लागतो. आधी परतलेला उजेड वरच्या फुटाचा, उशिरा परतलेला खालच्या फुटाचा. यंत्र हा हिशोब सेकंदाला हजारो वेळा करतं आणि सरासरी काढतं. काही मिनिटं थांबलं तर दर मीटरला दहाव्या अंशापर्यंतचा फरक दिसतो.

रामन यांच्या शोधावर चालणारी ही तापमोजणी १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये उभी राहिली. आधी ती तेलविहिरी, विजेच्या जमिनीखालच्या केबल, बोगद्यांतली आग यांसाठी वापरली गेली. पाण्याच्या अभ्यासात तिचं नाव झालं ते २००६ च्या सुमारास. लक्झेंबर्ग या छोट्या देशातल्या एका ओढ्याच्या तळाशी अशी तार अंथरली गेली आणि जमिनीतलं पाणी ओढ्याला नेमकं कुठे कुठे मिळतं, त्या जागा तापाच्या फरकावरून सापडल्या. आपल्याकडचा गुराखी ओढ्यात पाय घालून 'इथं जिवंत झरा आहे' म्हणतो, तेच काम, पण ओढ्याच्या लांबीभर आणि दिवसरात्र.

तार तापवायची आणि कुठे गार पडते ते बघायचं

नुसत्या नैसर्गिक तापावर अवलंबून राहिलं तर काही भेगा नजरेतून सुटतात. आलेलं पाणी आणि आजूबाजूचा खडक एकाच तापाचे असतील, तर फरक दिसणारच कसा? त्यासाठी दुसरी युक्ती निघाली. काचेच्या तारेसोबत केबलमध्ये धातूची तार असते. तिच्यातून वीज सोडायची आणि केबल अख्ख्या लांबीत सारखी तापवायची.

चहा बशीत ओतून फुंकर मारली की तो लवकर निवतो. जिथे फुंकर बसते तिथे आधी निवतो. केबलचंही तसंच. जिथे खडक गप्प आहे, पाणी हलत नाही, तिथे केबल तापत राहते. जिथे भेगेतून पाणी वाहतंय, तिथे ते केबलची उष्णता घेऊन जातं आणि तेवढा तुकडा गार राहतो. पाण्याचा वेग जितका जास्त तितकी केबल गार. म्हणजे पाणी आहे की नाही एवढंच कळत नाही, किती वेगानं वाहतंय याचाही अंदाज काढता येतो.

याला वीज किती लागते? समजा ६० मीटर केबल दर मीटरला २० वॅटनं तापवली, तर झाली १२०० वॅट. दीड एचपीच्या मोटरएवढी. काही तास चालवून बंद करायची. केबल तापताना आणि निवताना अशा दोन्ही वेळच्या नोंदी कामाला येतात.

फ्रान्समधलं प्लोमर: आपल्यासारखाच हट्टी खडक

नेदरलँड्ससारख्या देशात जमीन वाळूची आहे. तिथे केबल सरळ वाळूत दाबून उतरवता येते आणि तसे प्रयोग झालेही आहेत. पण ते उदाहरण आपल्या फार कामाचं नाही. आपल्याला जवळचं आहे ते फ्रान्सच्या ब्रिटनी भागातलं प्लोमर.

प्लोमरचा खडक बेसाल्ट नाही, ग्रॅनाइट आणि अभ्रकाचा स्तरित खडक आहे. पण स्वभाव आपल्या पाषाणासारखाच. अंगात पाणी मुरत नाही, भेगांतून तेवढं फिरतं. तरीही १९९१ पासून या भेगांमधून वर्षाला सुमारे १० लाख घनमीटर, म्हणजे १०० कोटी लिटर पाणी उपसलं जातं आणि सुमारे २० हजार लोकांची तहान त्यावर भागते. एवढं पाणी येतं कुठून आणि किती वर्षं पुरेल, हा तिथल्या लोकांच्याही जिवाचा प्रश्न. म्हणून तो परिसर संशोधनासाठी राखून तिथे वर्षानुवर्षं मोजण्या चालू आहेत.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या बोअरमध्ये काचेची तार सोडली होती. एका प्रयोगात बोअरमधलं पाणी गरम पाण्यानं बदललं आणि ते कुठल्या खोलीवर आधी निवतं ते पाहिलं. जिथे आधी निवलं तिथे भेग वाहती. दुसऱ्या प्रयोगात एका बोअरच्या ठरावीक भेगेत गरम पाणी सोडलं आणि शेजारच्या बोअरमधून उपसा केला. शेजारी ताप कुठे आणि कधी वाढतो त्यावरून दोन बोअर कुठल्या वाटेनं जोडलेत ते समजलं. पुढच्या वर्षी केबल तापवून बोअरमधला उभा प्रवाह मोजण्याचं कामही पुढे आलं. हाती आलेली गोष्ट आपल्या बोअरवाल्यांना ओळखीची वाटेल. एवढ्या खोल बोअरला पाणी देणाऱ्या भेगा बोटांवर मोजण्याइतक्याच असतात. बाकी सगळा दगड नुसता उभा.

आपल्या शेजारच्या तेलंगणात हैदराबादजवळ चौटुप्पल इथेही ग्रॅनाइटच्या खडकात असंच एक संशोधन क्षेत्र आहे. भारत आणि फ्रान्सचे भूजल शास्त्रज्ञ तिथे मिळून काम करतात. तिथल्या अभ्यासातून पुढे आलेली एक गोष्ट आपल्या भांडणाशी थेट जुळते. पाणीपातळी वर असते, तेव्हा वरच्या झिजलेल्या, मुरमाड थरातून लांबलांबचे बोअर एकमेकांशी जोडलेले असतात. पातळी त्या थराच्या खाली गेली की ही जोडणी तुटते आणि प्रत्येक बोअर आपापल्या भेगेपुरता उरतो.

म्हणजे बघा, दिवाळीत शेजाऱ्याच्या मोटरीचा तुमच्या विहिरीवर परिणाम होत असेल आणि तोच एप्रिलमध्ये होत नसेल, असंही घडू शकतं. बांधावर भांडणारे दोघंही आपापल्या महिन्यापुरते खरे असतील!

उघडा बोअर फसवतो

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. खडकात पाणी जसं वाहत होतं तसंच बोअर मारल्यावरही वाहतं असं समजू नका. बोअर म्हणजे वेगवेगळ्या थरांना जोडणारा उभा पाइपच. वरच्या भेगेत दाब जास्त असेल तर तिथलं पाणी बोअरमध्ये येतं आणि खालच्या भेगेतून निघून जातं. मोटर बंद असतानाही. वर उभं राहून बघणाऱ्याला पाणी शांत दिसतं, आत मात्र गळती चालूच.

रात्री बोअरमध्ये कान लावला की पाणी पडल्याचा आवाज येतो, हा अनुभव कित्येकांना असेल. तो याच जातीचा. पन्नास फुटांच्या विहिरीचं पाणी अडीचशे फुटांच्या बोअरनं जाऊ शकतं ते असं. बोअरवाला विहिरीतून ओढत नाही, पण बोअरच्या वरच्या भागात केसिंग पुरेसं नसेल, तर विहिरीला पाजणारा वरचा झरा बोअरमध्ये शिरून खाली उतरून जातो.

म्हणून कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगळी पद्धत वापरली. बोअरमध्ये लवचिक पिशवीसारखं अस्तर सोडून त्यात पाणी भरायचं. ते फुगून भिंतीला घट्ट बसतं आणि उभी वाट बंद होते. मग तापवलेली केबल काय सांगते ते पाहायचं. अशा बंद बोअरमध्ये दिसतो तो खडकातला मूळचा, नैसर्गिक प्रवाह. उघड्या बोअरमध्ये दिसतो तो बोअरनं तयार केलेला. दोन्ही माहिती उपयोगाच्या, पण त्यांची गल्लत व्हायला नको.

मग भांडणाचा निकाल कसा लागेल?

एक समजुतीचं उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. तुमचा बोअर २०० फुटांचा. आत केबल सोडली, उभी वाट बंद केली, वीज चालू केली. बहुतेक सगळीकडे केबल ६ अंशांनी तापली. पण ८५ फुटांवर फक्त २ अंश आणि १४० फुटांवर ४ अंश. म्हणजे दोन वाहत्या भेगा. ८५ फुटांची जोरात, १४० ची हळू.

आता शेजाऱ्याला मोटर चालू करायला सांगितली. ८५ फुटांवरची केबल आणखी गार पडली, १४० फुटांवर काहीच फरक नाही. शेजाऱ्यानं मोटर बंद केली, ८५ फुटांवरचा ताप पुन्हा पूर्वीच्या जागी आला. दोन-तीन वेळा करून बघितलं, तरी तेच. याचा अर्थ दोन्ही बोअर ८५ फुटांच्या वाटेनं जोडलेले आहेत, १४० च्या वाटेनं नाहीत. सोबत दोन्हीकडची पाणीपातळी मोजली की खात्री पक्की.

यातून निघतो तो कामाचा सल्ला. उन्हाळ्यात दोघांनी एकाच वेळी मोटरी चालवायच्या नाहीत. पावसाळ्यात पुनर्भरण करायचं ते ८५ फुटांच्या थराला पोचेल असं करायचं, कारण तो दोघांचाही साठा. एकानं पाणी जिरवलं तर दुसऱ्यालाही फायदा, हे एकदा डोळ्यांनी दिसलं की भांडायला उरतं काय?

कायद्याच्या अंगानंही याला अर्थ आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. भूजल कायदा ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला खोल विहीर मानतो आणि तिच्यावर बंधनं घालतो. नियम म्हणून ५०० मीटरचं वर्तुळ सोपं आणि गरजेचं आहे. पण पाणी नकाशावरचं वर्तुळ बघून चालत नाही, ते भेगेच्या दिशेनं चालतं. एखाद्या गावात ३०० मीटरवरचा बोअर निरुपद्रवी असेल आणि ७०० मीटरवरचा नळयोजनेच्या विहिरीवर उठला असेल. ही वाट दाखवणारी मोजणी हाती असेल, तर गावाला आपली पिण्याची विहीर जास्त नेमकेपणानं राखता येईल.

रस्त्याकडेची केबलही कामाला येते

फायबरचा आणखी एक उपयोग अगदी अलीकडचा. इथे बोअरची गरजच नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रिजक्रेस्ट गावात इंटरनेटसाठी पुरलेल्या केबलमधली न वापरलेली तार शास्त्रज्ञांनी वापरली. या तारेनं ताप मोजला नाही, थरथर मोजली. रस्त्यावरून गाड्या जातात तेव्हा जमीन किंचित थरथरते. ती थरथर कोरड्या मातीतून एका वेगानं जाते, ओल्या मातीतून वेगळ्या. वर्षानुवर्षं हा वेग मोजत राहिलं की जमिनीतली ओल वाढली की घटली ते समजतं.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार २०१९ ते २०२२ च्या दुष्काळात तिथल्या वरच्या थरातून वर्षाला सुमारे पाव मीटर उंचीच्या पाण्याएवढी ओल गेली. आपल्याकडेही गावोगाव केबल पुरली गेली आहे. पण नुसती केबल असून भागत नाही. तिच्या टोकाला मोजणारं यंत्र आणि ते वाचणारा माणूस लागतो.

यातून काय होत नाही, तेही ऐका

तंत्रज्ञानाचं नाव ऐकलं की बाजारात लगेच कुणीतरी पाटी लावतो. म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात.

पहिली, बोअर कुठे घ्यावा हे ही तार सांगत नाही. ती आधीच असलेल्या बोअरमध्ये सोडावी लागते. उद्या कुणी 'फायबर मशीननं पाण्याची जागा दाखवतो' म्हणून शेतात आला आणि वरच्या वर फिरून पैसे मागू लागला, तर त्याला बांधावरूनच परत पाठवा.

दुसरी, ती पाणी निर्माण करत नाही आणि साठा किती आहे तेही एकटी सांगत नाही. त्यासाठी पातळी, पाऊस आणि उपसा यांच्या नोंदी लागतातच.

तिसरी, खर्च. काचेची तार स्वस्त आहे, पण तिच्या टोकाचं मोजयंत्र लाखो रुपयांचं असतं. त्याला दरवेळी माहीत असलेल्या तापाच्या पाण्यात, उदाहरणार्थ बर्फाच्या पाण्यात, तार बुडवून तपासून घ्यावं लागतं. एकट्या शेतकऱ्यानं घ्यायची ही वस्तू नाही. विद्यापीठ, शासकीय यंत्रणा किंवा पाणलोटातली गावं मिळून एखाद्या हंगामापुरतं हे काम करवून घेऊ शकतात. यंत्र एका बोअरवरून दुसऱ्या बोअरवर नेता येतं, ही जमेची बाजू.

चौथी, चालू मोटरच्या बोअरमध्ये केबल सोडणं अवघड. पाइप, दोर आणि वायर यांच्या गुंत्यात ती अडकते किंवा तुटते. त्यामुळे असं काम बहुतेक वेळा मोकळ्या, खास राखलेल्या बोअरमध्येच होतं. गावातला एखादा फेल गेलेला बोअर बुजवून टाकण्याआधी याचाही विचार व्हावा. पाणी कमी लागलं म्हणून सोडून दिलेला बोअर निरीक्षणाला उत्तम असतो. फक्त तोंडाला पक्कं झाकण बसवा. उघड्या बोअरमध्ये लेकरं पडल्याच्या बातम्या आपण पुष्कळ वाचल्यात.

तार नसली तरी आजपासून करता येईल असं

फायबर आपल्या शिवारात येईल तेव्हा येईल. पण त्यामागचा विचार, म्हणजे पाणी कितव्या फुटाला आहे ते जाणून घेणं, आजही करता येतो. तोही जवळपास फुकटात.

बोअर मारताना गाडीजवळ एक माणूस वही घेऊन उभा करा. दर दहा फुटांना बाहेर पडणारा चुरा मूठभर पिशवीत भरा आणि पिशवीवर फूट लिहा. रंग कधी तांबडा झाला, कधी काळा, चुरा कधी ओला झाला, पहिलं पाणी कितव्या फुटाला लागलं, ते कितव्या फुटाला वाढलं, सगळं लिहा. केसिंग किती फूट उतरवलं तेही. बोअरवाला निघून गेला की ही माहिती पुन्हा कुठेच मिळत नाही. आज गावात शंभर बोअर असतील, तर अशी वही किती घरांत सापडेल?

दर महिन्याला एक ठरलेला दिवस धरा. पहाटे मोटर चालू करण्याआधी विहिरीची पातळी दोरीनं मोजा आणि तारखेसह लिहा. अटल भूजल योजनेतल्या गावांनी पाण्याचा ताळेबंद मांडताना हे केलं आहे. योजनेत नसलेल्या गावांना कुणी अडवलेलं नाही.

शेजाऱ्याशी वाद असेल तर भांडण्याआधी एक चाचणी करा. दोघांच्याही मोटरी रात्रभर बंद ठेवा. सकाळी फक्त एकाची चालू करा आणि दुसऱ्याच्या विहिरीत दर अर्ध्या तासानं पातळी बघा. मग उलट करा. दिवाळीत एकदा आणि मार्चमध्ये एकदा. एवढ्यानं भेग कुठली ते कळणार नाही, पण जोडणी आहे की नाही याचा अंदाज नक्की येईल. नोंदी घेऊन तालुक्याला येणाऱ्या भूजल यंत्रणेच्या माणसाशी बोला. हातात वही असली की बोलण्याला वजन येतं.

आपल्या आजोबांना विहिरीचा झरा कुठल्या कोपऱ्यात आहे ते माहीत असायचं, कारण ते स्वतः विहिरीत उतरायचे. बोअर आले आणि खाली उतरणंच संपलं. सहा इंचाच्या भोकात माणूस मावत नाही. मावते ती तार. ती येईपर्यंत निदान वही तरी उघडू या. पुढच्या एप्रिलमध्ये बांधावर भांडण झालंच, तर आकड्यांवर होऊ द्या.